माती चोळली का?

इंद्रजितचं कोपर माझ्या भावाच्या नाकावर बसलं तेव्हा सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. चित्रीकरणात असे आवाज येत नसतात, ते मागाहून भरतात. मी कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उभी होते. कोपर आणि नाक यांच्यात चार बोटांचं अंतर ठेवायचं, हे मी त्या दोघांकडून आठवडाभर घोटून घेतलं होतं. पण धैर्याचा पाय तांबड्या मातीत घसरला, डोकं पुढं आलं आणि ते अंतर संपलं.

तो पाठीवर पडला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, आधी हात बघितला.

आमच्या जथ्याची ही रीत आहे. पडलेल्यानं पडल्या पडल्या चिमूटभर माती उचलायची आणि अंगठा नि बोटात चोळायची. म्हणजे मी धड आहे, चालू द्या. माती चोळली नाही तर मी काम थांबवते. मग कॅमेऱ्यामागे कितीही मोठा माणूस बसलेला असो. मी गिरिजा खराडे, मारामारीची दिग्दर्शक. गुडघा जाईपर्यंत स्वतः कुस्ती खेळले. नंतर कोल्हापुरातल्या आमच्या तालमीची पोरं गोळा करून जथा उभा केला. खोटं मारायला शिकवणं हा माझा धंदा, आणि तो खऱ्या मारापेक्षा अवघड आहे हे कुणाला पटत नाही.

धैर्यानं माती चोळली. नाकातून रक्ताची धार लागलेली, तरी बोटं हलली. मी ओरडून काम थांबवलं. इंद्रजित, आमच्याच तालमीतला, धैर्याचा लंगोटीयार, रडकुंडीला आला. "आक्का, आईशप्पत, माझा हात जागंवर हुता," तो म्हणाला. तो खरंच जागेवर होता.

आमच्या मालिकेचं नाव 'लाल हौदा'. धैर्यशील नायक, इंद्रजित खलनायक, दोघंही खरे पैलवान. निर्माता मिहिर गुप्ते मुंबईचा, गोड बोलणारा. त्यानं तो फटका कापला नाही, तसाच दाखवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून त्यानं भिंतीवरच्या पडद्यावर एक रेघ दाखवली. महिनाभर ती सपाट चालली होती. नाक फुटलं त्या जागी ती सरळ उभी राहिली होती.

"हे बघा मंडळी," मिहिर म्हणाला, "लोकांना काय हवंय ते लोकांनीच सांगितलंय."

ही रेघ कसली, ते सांगायला हवं. माझ्या लहानपणी टीव्ही कोण बघतो हे मोजायला थोड्या घरांत एक डबी बसवायचे. घरात ज्यानं बघायचं त्यानं रिमोटवरचं आपलं बटण दाबायचं. आजोबा बटण दाबून घोरायला लागले तरी ते प्रेक्षकच. पुढं सगळं इंटरनेटवरून दिसायला लागलं. कंपनीला कळू लागलं की तुम्ही कुठल्या क्षणाला थांबलात, कुठं मागं गेलात, कुठं कंटाळून पळालात. पण तिला यंत्र कळायचं, माणूस कळायचा नाही. टीव्ही चालू आणि बाई फोडणी घालतेय, किंवा एकाच खात्यावर अख्खी गल्ली. वाहिनी घरं मोजायची, ॲप पडदे मोजायचं, आणि दोन्हींची बेरीज कुणालाच जमायची नाही. जाहिरातदार वैतागले.

मग नाडीमाप आलं. मनगटावर एक पट्टा. तो नाडी मोजतो, घाम मोजतो आणि आसपासचा आवाज ऐकून कुठला कार्यक्रम चालू आहे ते ओळखतो. टीव्हीवर बघा, फोनवर बघा, शेजारणीकडे जाऊन बघा, शरीर एकच. त्यात मागं घेऊन पुन्हा काय बघितलं याची नोंद मिसळली की झाला आकडा. पट्टे अर्थात सगळ्यांच्या हातावर नसतात. म्हणून शितावरून भाताची परीक्षा. एक पट्टा हजारो माणसांच्या वतीनं बोलतो.

शरीर खोटं बोलत नाही, असं त्या कंपनीचं म्हणणं. ते खरं आहे. आम्ही वर्षानुवर्षं मारलेले खोटे ठोसे डोळ्यांना खरे वाटायचे, नाडीला नाही. नाक फुटलं ते मात्र नाडीनं बरोबर ओळखलं. पण एक साधी गोष्ट त्या शहाण्यांनी विचारात घेतली नाही. घाबरलेली छाती आणि रमलेली छाती सारखीच धडधडते. पट्ट्याला हो आणि नको यांतला फरक कळत नाही.

"जरा लागू दे," असं सुरू झालं. आधी म्हणाले, अंतर दोन बोटं करा. मग म्हणाले, अंतर कशाला? मी भांडले. मिहिर हात जोडून म्हणाला, "गिरिजाताई, मलाही वर उत्तर द्यावं लागतं." मग मारामारीची दृश्यं थेट दाखवायला लागले आणि सूत्रधार आला. हा माणूस नव्हता, आकडा वाचून दृश्य चालवणारं यंत्र होतं. इंद्रजितच्या कानात एक बारीक बोंडी बसवली. आकडा चढत असेल तोवर तिच्यात टिक-टिक वाजायची. वाजतंय तोवर मारायचं, थांबलं की थांबायचं.

धैर्याची बरगडी गेली. कान फुटून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झाला, आणि तो काही कुस्तीनं झालेला कान नव्हता. आणि इंद्रजितचं काय झालं ते मी रोज बघत होते. पहिल्यांदा तो मारून झाल्यावर धैर्याला मिठी मारायचा. मग नुसता हात द्यायचा. पुढं पुढं तो मारताना त्याच्याकडे बघेनासाच झाला. मान थोडी तिरकी करून ऐकत राहायचा. एकदा मी त्याला कोपऱ्यात गाठलं आणि खाडकन मुस्काटात दिली.

"मित्र हाय न्हवं रं तुझा?"

"आक्का, कानात वाजाय लागलं की बाकी काय ऐकूच येत न्हाई बघ," तो गाल चोळत म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. मला त्याची चीड आली आणि कीवही आली.

धैर्याला सांगून बघितलं. "सोड हे," म्हटलं. तो ओठावरची खपली चाटत हसला. "आक्का, गल्लीतली सगळी पोरं आज कामाला लागल्यात ती माझ्या जिवावर. आनि लोकांस्नी आवडालंय की." त्याला त्या रेघेचं वेड लागलं होतं. रोज सकाळी आरशाआधी तो रेघ बघायचा.

शेवटचा भाग अख्खाच थेट दाखवायचा ठरला. त्याच्या आदल्या दिवशी नाडीमापच्या पुण्याच्या कचेरीतून शर्वरी लेले नावाची एक मुलगी आली. आकड्यांचं काम करणारी. ती माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला एक विचारू? हे मी विचारायला नको खरं तर."

तिनं मला दोन चित्रं दाखवली. एक नकाशा होता. रेघ उभी करणारे सगळ्यांत जोरकस पट्टे कुठले, ते त्यावर लाल ठिपक्यांनी दाखवलं होतं. राज्यभर ते तुरळक होते आणि एका ठिकाणी माश्या बसाव्यात तसे गर्दीनं होते. दुसरं चित्र मालिकेतलं होतं, धैर्या पडल्यानंतरचं.

"प्रत्येक वेळी तुमचा हिरो पडला की हे लोक चित्र मागे घेतात," ती म्हणाली. "तोच क्षण पुन्हा पुन्हा बघतात आणि त्यांची नाडी नुसती उसळते. पण मारण्याचा क्षण नाही, त्याच्या नंतरचा. मी कितीदा पाहिलं, त्यात काहीच नाही हो. नुसता कोपऱ्यात त्याचा हात दिसतो."

नकाशावरची ती जागा म्हणजे आमची गल्ली होती.

गल्लीत दोन वर्षांपूर्वी हृदयतपासणीचं शिबिर झालं होतं. ज्याला त्याला फुकट पट्टा मिळाला, आणि घेताना अंगठा कशावर उमटवला हे कुणी विचारलं नाही. पुढं त्या शिबिराचे पट्टे नाडीमापनं घेतले. मालिकेशी संबंध असलेली घरं मोजणीतून वगळायचा नियम होता, शर्वरी म्हणाली. पण वगळायची ती कलाकारांची आणि तंत्रज्ञांची. आम्ही तालमीचे म्हणून ठेकेदाराच्या नावावर होतो आणि धैर्या कागदावर अजून आमच्यातलाच. आमची घरं कुणाला आठवलीच नाहीत. अख्ख्या जिल्ह्याच्या वतीनं बोलत होत्या त्या आमच्या आया, बहिणी आणि जथ्यातल्या पोरांच्या बायका. पोरगं पडलं की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. त्याची बोटं हलली का, माती चोळली का, हे कोपऱ्यातल्या त्या धूसर हातात शोधायला त्या चित्र मागं घ्यायच्या. आणि यंत्र म्हणायचं, यांना हेच हवंय, अजून द्या.

"तुम्ही वर सांगितलं का?"

"सांगितलं," शर्वरी म्हणाली. "म्हणाले, आकडा चांगला येतोय, शेवटचा भाग होऊ दे, मग बघू."

मी तशीच घरी गेले. आई वाटाणे सोलत बसली होती, पट्टा मनगटावर. मी तिला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. तुझी धडधड यंत्राला पोचते आणि तिकडं इंद्या आणखी मारतो. उद्या बघू नकोस. गल्लीत कुणालाच बघू देऊ नकोस.

आईनं वाटाण्याची परात बाजूला सारली.

"तुझा बा जत्रंच्या कुस्तीच्या फडावर मान मोडून पडला तवा मी भाकऱ्या थापालतो," ती म्हणाली. "बाईमानसानं फडाकडं फिरकायचं न्हाई, अशी रीत हुती तवा. चौघांनी दारात आनून ठेवला तवा बघितला. शेवटाला त्यो कुनाकडं बघालता, काय म्हनालता, काय म्हाईत न्हाई मला. आजतागायत न्हाई."

"आई, पण हे उलटं आहे. तू बघतीस म्हणून..."

"गिरे, त्या मातीचं तूच सांगितलंवतंस न्हवं मला? काळजी करू नगंस, बोटं बघत जा म्हनून? म्या बघनार. माझं पोरगं पडलं आनि म्या तोंड फिरवून बसू? त्ये या जल्मात व्हायचं न्हाई."

पट्टा तरी काढ म्हटलं, तर तिनं मनगट पदराखाली ओढून घेतलं. छातीचे ठोके चुकले की दवाखान्यात कळतं, असं तिला शिबिरात सांगितलं होतं. मी चिडून उठून आले. तिला काय सांगणार? तिच्या जागी मी असते तर मीही बघितलंच असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौद्याभोवती लोखंडी जाळी लावलेली होती, माणसाच्या दुप्पट उंच, आणि दाराला कुलूप. आत फक्त दोघं. आमचे फोन आधीच काढून घेतले होते. मी मिहिरला म्हटलं, "माती चोळली नाही तर थांबवायचं. शब्द द्या." तो म्हणाला, "अर्थात, ताई." पण त्याचे डोळे भिंतीवरच्या रेघेवर होते, आणि हौद्यातल्या पोरांइतकाच तोही भ्यालेला होता.

हौद्यात उतरताना दोघांनी मातीला हात लावून तो कपाळाला लावला. सलामी झाली.

सुरुवातीला बरं चाललं. धैर्यानं ढाकेचा डाव टाकून इंद्रजितला आपटला. रेघ किंचित हलली. मग इंद्रजितची मान तिरकी झाली आणि मला कळलं, टिक-टिक सुरू झाली.

पहिला ठोसा जबड्यावर. दुसरा त्याच मोडलेल्या बरगडीवर. धैर्या वाकला, तसा इंद्रजितनं गुडघा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. एक दात जाळीपर्यंत उडाला. धैर्या पडला, आणि त्याची बोटं मातीत शिरली, हलली. चोळली. मी श्वास सोडला. रेघ उभी चढली. गल्लीत आमच्या बायका चित्र मागं घेत असणार.

इंद्रजितनं त्याला केसांना धरून उठवला. धैर्यानं हात वर करून डोळा झाकला, तर इंद्रजितनं तो हात पिरगाळून खाली आणला आणि उघड्या डोळ्यावर ठोसा मारला. पुन्हा त्याच डोळ्यावर. धैर्या पालथा पडला, तोंड मातीत.

मी हात बघितला. हात उताणा पडला होता. बोटं हलली नाहीत.

"थांबवा," मी ओरडले. कुणी हललं नाही. "थांबवा, माती नाही चोळली त्यानं." मिहिर रेघेकडे बघत पुटपुटला, "चढतोय अजून, आत्ता कसं..." किल्ली त्याच्या माणसाजवळ होती. मी ती मागितली, तो मागं सरला. मी त्याचं मनगट धरून उलटं वळवलं, हाड कटकन वाजलं, पण किल्ली कुठल्या कुठं उडून गेली. मग मी जाळीवर चढले. गुडघा साथ देत नव्हता, तारांनी तळहात कापले. वरून मी आत उडी टाकली.

इंद्रजित धैर्याच्या पाठीवर बसून त्याच्या मानेवर कोपर हाणत होता. मी मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि सगळा जीव एकवटून त्याला उपटला, मागं आपटला. त्याच्या छातीवर बसून तोंडावर मारत सुटले. माझ्या आयुष्यात मी इतकं खरं कुणालाच मारलं नव्हतं. ओठ फाटला, भुवई फाटली. त्याच्या कानात बोट घालून ती बोंडी काढायला गेले, पण ती खोल बसवलेली. आणि त्याची नजर माझ्यावर नव्हतीच. तो ऐकत होता.

मी वर बघितलं. भिंतीवरची रेघ पडद्याच्या टोकाला भिडली होती. माझ्या उडीनं ती आणखी वर गेली होती. मी जितकं थांबवायला बघत होते तितकं यंत्र खूश होत होतं.

इंद्रजितनं मला झटकून दिलं. त्याचा गुडघा माझ्या पोटात बसला, मी कोलमडले, आणि तो पुन्हा धैर्याकडे वळला. मी सरपटत जाऊन धैर्यावर पालथी पडले. आता कोपरं माझ्या पाठीवर पडायला लागली. समोर जाळीच्या भोकातून कॅमेऱ्याची काच माझ्याकडे बघत होती.

मी तिच्यात बघून म्हणाले, "आई, टीव्ही बंद कर."

पाठीत काहीतरी मोडलं. दम लागला, तरी मी बोलत राहिले. "आई, मी गिरी. तू बघतीस म्हणून हा मारालाय. मी हाय हितं त्याच्याजवळ, मी बघालोय त्याच्याकडं. तू नको बघू. सगळ्यांना बंद करायला सांग. बंद कर, आई."

थेट म्हटलं तरी चित्र घरी पोचायला काही क्षण लागतात. ते क्षण मी कधी विसरणार नाही. प्रत्येक फटक्याबरोबर धैर्याचं डोकं माझ्या गळ्याखाली हलत होतं. मी मनात आईला शिव्या देत होते, तिची करुणा भाकत होते. तिनं ऐकलं असेल का? ऐकूनही डोळे पडद्यावरच ठेवले असतील का?

आणि रेघ पडली.

हळूहळू उतरली नाही, कुणी पायच कापल्यासारखी कोसळली. बाकी सगळं राज्य तोंडाचा आ वासून बघत असेल, पण आमच्या गल्लीच्या शितांवर अख्ख्या जिल्ह्याचा भात शिजत होता. एका दमात ती सगळी घरं गप्प झाली. मिहिरच्या पडद्यावर सूत्रधाराचं वाक्य उमटलं: 'प्रेक्षकांचा रस संपला. दृश्य आवरा.'

इंद्रजितचं कोपर वर उचललेलं होतं, ते तिथंच राहिलं. त्यानं मान सरळ केली. पहिल्यांदाच खाली बघितलं, आम्हा दोघांकडे.

"आक्का," तो म्हणाला. "आक्का, काय झालं ह्ये?" मग तो मातीत बसून ओकायला लागला.

कुणीतरी किल्ली शोधून कुलूप काढलं. मी धैर्याला कुशीवर वळवलं, तोंडातली माती बोटांनी काढली. श्वास चालू होता, तुटक पण चालू. एक डोळा गेला होता, ते बघताक्षणी कळत होतं. रुग्णवाहिका बोलावल्याचं शर्वरीनं सांगितलं. ती धावत आत आली होती आणि रडत होती. मी तिचा फोन मागून आईचा नंबर लावला.

घंटी पुरती वाजलीसुद्धा नाही.

"बंद केलाय," आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "दारात हुबं ऱ्हाऊन वरडलो, समद्यांस्नी बंद करायला लावला. शेजारच्या शिंद्यांची सून ऐकंना, तिचा टीव्हीच फोडला. आता अंधारात बसलोय." तिनं जन्मभर एकाच गोष्टीसाठी स्वतःला दोष दिला होता, आणि आज तीच गोष्ट आपल्या हातानं केली होती. "गिरे, मला दिसलं न्हाई. पडल्यावर त्यानं माती चोळली का गं?"

धैर्याचा हात माझ्या मांडीवर उताणा पडला होता, थंडगार. मी चिमूटभर तांबडी माती उचलली, त्याच्या अंगठ्याखाली ठेवली आणि त्याचं बोट त्यावर मिटवलं. मग माझ्या रक्ताळलेल्या हातानं त्याची ती दोन बोटं धरून हळूहळू एकमेकांवर फिरवली. माती सुटून माझ्या मांडीवर पडली.

"चोळली, आई," मी म्हणाले. "मी बघितलं."